गाडीची रोटिसरी करून घेतली, पंचेचाळीस हजार गेले, आठ महिने वापरून सांगतो

ज्याला फक्त निकाल पायजे त्याला इथंच सांगून टाकतो. वस्तू, म्हणजे गाडीची बॉडी बांधून गोल फिरवायचा लोखंडी स्टँड, कामाची आहे, दुकान कारागिरीत पक्कं अन् ऐकण्यात कच्चं आहे, पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा वेल्डिंगला जास्तीचा दिलाय, नाहीतर तीनच होते. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबण आहे.

गाडी म्हणजे आमच्या मोठेबाबांची पद्मिनी, १९८६ ची. ते रेल्वेत होते, नोकरी सगळी कल्याणला गेली, रिटायर होऊन नागपूरला आले तेव्हा गाडीही घेऊन आले. कल्याणचे पावसाळे त्या पत्र्याने इतके खाल्लेत की नागपूरच्या कोरड्या हवेत येऊन पंधरा वर्षं झाली तरी आतला गंज काही थांबला नाही. वरून बघाल तर गाडी छान, क्रीम कलर, बंपरला चमक. खालून बघाल तर ड्रायव्हरच्या पायाखाली रस्ता दिसतो. मोठेबाबा त्याला एसी म्हणायचे.

आता पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, म्हणजे फ्लोअर अन् दाराखालच्या पोकळ पेट्या गेल्या की गाडीचा कणाच गेला समजा. जीप असती तर बॉडी उचलून बाजूला ठेवली असती, चेसिस वेगळी केली असती, रोटिसरीचा विषयच आला नसता. इथे पूर्ण फ्लोअर खालून वेल्ड करायचा होता आणि खाली झोपून डोक्यावर वेल्डिंग ज्याने केलंय त्याला माहितीय, लाल गोळी एकदा कॉलरमधून आत गेली की माणूस कसा नाचतो. मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी ठरवलं की गाडी फिरली पायजे, मी नाही.

आपल्याकडचे जुने डेंटर लोक काय करतात तर इंजिन उतरवून बॉडी सरळ जुन्या टायरांवर आडवी पाडतात, चार पोरं लावून. एकाच बाजूचा पॅच असेल तर मी म्हणतो तेच करा, फुकट आहे, खरंच. पण मला दोन्ही बाजू, फ्लोअर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, सगळं करायचं होतं आणि दर आठवड्याला पोरं कुठून आणू. म्हणून रोटिसरी. कोंबडी भाजायची सळई असते ना गोल फिरणारी, तेच, फक्त कोंबडीच्या जागी गाडी. गाडीला पुढून मागून दोन स्टँड, दोन्हीवर फिरणारा शाफ्ट, शाफ्टला पंजा, पंजाला बॉडी बोल्टने बांधायची आणि हाताने फिरवायची. माझा डेंटर पहिल्यांदा बघून म्हणाला, "भाऊ, गाडीचं पार सावजी करून टाकलं की हो." तेव्हापासून शेडमध्ये तिला कोणी रोटिसरी म्हणत नाही, 'सावजी' म्हणतात. मोठी आई पाळणा म्हणते.

दुकान

नाव घेत नाही कारण माणूस वाईट नाही आणि पुढेही त्याच्याकडे जायचंय. हिंगणा रोडला एमआयडीसीच्या आधी फॅब्रिकेशनवाल्यांची जी दुकानं आहेत त्यातलं एक. गेट, ग्रिल, टिनाचे शेड, शाळेचे झोके, हे त्याचं रोजचं काम. गाडीचं काही त्याने आधी केलेलं नव्हतं, ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलंही. माल मीच इतवारीतून लोहाओळीतून उचलला, कारण दुकानदाराच्या भावात आणि तिथल्या भावात फरक होता आणि मला पाइपची जाडी स्वतः व्हर्नियरने मोजायची होती. हे नक्की करा. ४ मिमी म्हणून देतात आणि निघते सव्वातीन. दोन दुकानं फिरलो, तिसऱ्याकडे बरोबर मिळाला.

मालाचं सांगतो, कारण हेच सगळे विचारतात. दोन्ही स्टँडचा पाया अन् उभा खांब ७५ बाय ७५ चा ४ मिमी जाडीचा चौकोनी पाइप. खांबाच्या आत सरकणारा ६० बाय ६० चा, तोही ४ मिमी. पंजेही त्याच ६० चे. दोन स्टँड जोडणारा खालचा दांडा ६० च्या आत ५०. तिरपे आधार ४० चे. वरून १० मिमी प्लेट. सगळं मिळून १७० किलो भरलं. पूर्ण पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास असते, त्यातून इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, काचा, दारं, सीटा सगळं काढलं की उरते ती खोकी. आमची खोकी टेम्पोत टाकून काट्यावर नेली तर टेम्पो वजा जाता तीनशेच्या जवळपास निघाली. म्हणजे एका स्टँडवर दीडशे किलो, त्याला हा माल जास्तच आहे. पण जास्त असू दे, खाली माझं डोकं असतंय.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती ही की आपल्याकडे मिळणाऱ्या चौकोनी पाइपला आतून वेल्डची शिवण असते, उंचवटा. तुम्ही कागदावर हिशोब करता की ७५ चा पाइप, ४ ची भिंत, आत ६७ जागा, ६० आरामात जाईल. जातो, पण शिवणीला घासत जातो, मध्येच अडकतो, आणि बाकी बाजूंना साडेतीन मिमी मोकळा राहतो, म्हणजे खांब डुलतो. दुकानातल्या पोराने लांब दांड्याला ग्राइंडिंग व्हील बांधून आतली शिवण घासली आणि डुलणाऱ्या बाजूंना पातळ पट्ट्या वेल्ड करून दिल्या, बाहेरून भोकावर नट वेल्ड करून घट्ट करायचे बोल्ट दिले. मी न सांगता केलं. हा पोरगा एक नंबर. तारे त्याचेच आहेत.

उंचीचा हिशोब मी केला होता. गाडी फिरताना छताचा कोपरा जमिनीला लागला नाही पायजे. खोकीची रुंदी दीड मीटरला थोडी कमी, चाकांशिवाय उंची सव्वा मीटरच्या आत, तर कोपऱ्यापासून कोपरा एक मीटर नव्वदच्या आसपास येतो, त्याचा अर्धा म्हणजे पंच्याण्णव सेंटीमीटर. शाफ्ट जमिनीपासून निदान एक मीटर वर हवा. आम्ही ४२ इंच धरला. हे बरोबर जमलं.

उशीर

दहा दिवस सांगितले होते. आषाढात ऑर्डर दिली. मग पाऊस, मग एका शाळेच्या गेटची घाई, मग पोळा, मग तान्हा पोळा अन् त्याच दिवशी मारबत (रोगराई घेऊन जा म्हणत पुतळे मिरवतात ती), अन् इतवारीत बडग्या, म्हणजे त्यातलेच पुतळे, बघायला दुकानातली अर्धी पोरं गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाहीत. मी फोन केला की एकच उत्तर, "टेन्शन काऊन घेऊन राहिले भाऊ, होऊन जाते ना." शेवटी मीच म्हटलं, जाऊ दे, घेऊन जा गे मारबत, माझ्या गाडीचा गंज पण घेऊन जा. सात आठवडे लागले. गणपतीनंतर टेम्पोत माल घरी आला, बेसा भागातल्या शेडमध्ये.

उशिराचा राग नाही इतका. नागपुरात श्रावण-भाद्रपदात काम सांगायचं म्हणजे आपलीच चूक.

खरी भानगड

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. मी दुकानदाराला चार वेळा म्हटलं होतं, उंची अ‍ॅडजस्ट होणारी पायजे. त्याने मान हलवली, खांब सरकणारा केला, स्टँड वर-खाली होतो. झालं की अ‍ॅडजस्ट. पण मला जी उंची म्हणायची होती ती ही नव्हतीच. मला पंज्याची उंची हवी होती, म्हणजे शाफ्टच्या केंद्रापासून बॉडी किती खाली किंवा वर धरायची ती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांब वर-खाली केला तर गाडी जमिनीपासून वर-खाली होते, तोलात काही फरक पडत नाही. तोल सगळा पंज्यात आहे.

का ते बघा. बॉडी आपण धरतो बंपरच्या ब्रॅकेटांपाशी नाहीतर मागे स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी, म्हणजे एकदम खाली. पण खोकीचं वजन तिथे नाही, छत आहे, खांब आहेत, डॅशबोर्डमागची भिंत आहे, वजनाचं केंद्र बरंच वर असतं. दुकानदाराने पंजा सरळ शाफ्टच्या तोंडावर वेल्ड करून टाकला, केंद्रात केंद्र, दिसायला सुंदर. म्हणजे गाडी फिरायची खालच्या रेषेवर अन् वजन सगळं वर. उभी काठी तळहातावर धरण्यासारखं.

रविवारी सकाळी चढवली. बॉडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, होती, दोन्ही स्टँड दोन्हीकडून आत सारले, खांब खाली करून पंजे ब्रॅकेटला बोल्ट केले, मग बॉटल जॅकने दोन्हीकडून थोडं थोडं वर घेत गेलो. इथपर्यंत मस्त. मोठेबाबा खुर्ची टाकून बसलेले, शेजारचे दोघं आलेले, तर्री पोह्यांच्या प्लेटा फिरल्या. मग मी म्हटलं फिरवू या, घोड्या काढल्या अन् शाफ्ट अडवून ठेवणारी लॉकची पिन काढली.

पिन काढल्यावर एक सेकंद काही झालं नाही. मग ती आपली आपण फिरली, हळू सुरू झाली आणि अर्ध्यावर तर सुसाट, धाडदिशी उलटी, छत खाली, आणि शिडी आडवी ठेवली होती तिच्यावर छताची पन्हळ आदळली. पन्हळीला हातभर दबका. कोणाला लागलं नाही कारण मी सगळ्यांना मागे उभं केलं होतं, तेवढी अक्कल होती. एका पोह्याच्या प्लेटचं मात्र नुकसान झालं.

नंतर घरी बसून आकडेमोड केली. तीनशे किलो आणि केंद्र सतरा-अठरा सेंटीमीटर वर. गाडी आडवी असताना ही जी ओढ येते ती थांबवायला छताच्या कडेला, म्हणजे शाफ्टपासून पाऊण मीटरवर, सत्तर किलोचा जोर लावावा लागतो. मी स्वतःच अडुसष्ट किलोचा आहे. केंद्र पाच सेंटीमीटरवर आणलं तर हाच जोर वीस किलोवर येतो, एका हाताचं काम. म्हणजे सगळी मेख त्या पाच-सात इंचांत आहे. पाइप किती जाडीचा, बेअरिंग कुठल्या कंपनीचं, हे सगळं नंतर.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही उंची म्हटली, म्या उंची दिली." खोटं नाही बोलला. माझं ड्रॉइंग वहीच्या पानावर पेनाने काढलेलं होतं, बाजूने काढलेलंच नव्हतं, फक्त समोरून. त्यामुळे चूक अर्धी-अर्धी. पण मी चार वेळा तोल-तोल म्हणत होतो तेव्हा "हो ना भाऊ, समजलं" म्हणणं बंद करून एकदा विचारायला हवं होतं, एवढंच. दुरुस्तीचे वेगळे साडेचार हजार घेतले, ते मला झोंबलं. मी तीन म्हणत होतो.

दुरुस्ती मात्र अशी झाली की काय सांगू. शाफ्टच्या तोंडावर १० मिमीची उभी प्लेट, तिला दोन लांब गाळे, म्हणजे खाचा, पंजा त्या गाळ्यांत वर-खाली सरकतो, वरून २० मिमीचा आट्यांचा रॉड, स्पॅनरने फिरवला की पंजा बॉडीसकट एकेक मिलिमीटर सरकतो, मग चार बोल्ट आवळायचे. हाही त्याच पोराचा विचार. मालकाने ऐकलं नाही ते त्याने ऐकलं.

तोल बघायची पद्धत सोपी आहे. गाडी आडवी करा, एक बाजू खाली, फ्लोअर भिंतीसारखा उभा. दोघांनी धरून हळूच सोडा. छत खाली जायला लागलं तर बॉडी अजून खाली घ्या, म्हणजे शाफ्ट छताकडे सरकतो. फ्लोअर खाली जायला लागला तर उलट. मी एकदम बरोबर तोलावर नाही ठेवत, फ्लोअरकडे जरासं जड ठेवतो, म्हणजे हातातून सुटली तरी गाडी आपली सरळ होऊन थांबते, पालथी नाही होत. आणि हे एकदा करून विसरायचं नाही! सडलेला फ्लोअर कापून काढला की खालचं वजन गेलं, केंद्र वर सरकलं, परत लावा. नवीन पत्रा बसला की परत लावा. मी आठ महिन्यांत पाच वेळा लावलंय.

बेअरिंगचा मोह

हा खर्च माझ्या डोक्यातून आला, दुकानदाराचा दोष नाही. एका शाफ्टला दोन-दोन अशी चार पेडेस्टल बेअरिंग घेतली, यूसीपी २१०, पन्नास मिमीच्या शाफ्टची, त्याच्यासाठी लेथवर शाफ्ट टर्न करून घेतले. आठ हजार गेले. आता वाटतं, नसते घेतले तरी चाललं असतं, उलट बरं झालं असतं. पाइपात पाइप घालून ग्रीस भरलं असतं तर जी थोडी घासण राहते ती उपयोगाची असते, गाडी फिरवून हात सोडला तर जागेवर राहते. बेअरिंगवर ती बोट लावलं तरी डुलते. तो रविवारचा प्रकार पण पाइपात पाइप असता तर इतका सुसाट झाला नसता.

आणखी एक आहे. ही बेअरिंग थोडा वाकडेपणा आपोआप सावरून घेतात, आतला गोळा फिरतो, पण एका शाफ्टला दोन लावली की शाफ्ट ताठ होतो, मग पुढचा अन् मागचा स्टँड एका रेषेत नसला की तो पीळ सरळ बॉडीत जातो. माझ्या शेडची जमीन मुरमाची, वरून फरशी नाही. पहिल्या महिन्यात गाडी फिरवली की एका ठिकाणी जड जायची, एका ठिकाणी हलकी. दोरी ताणून, लेव्हल बाटली लावून बघितलं तर मागचा स्टँड एका बाजूला पाऊण इंच बसला होता. खाली लाकडी स्लीपरचे तुकडे दिले तेव्हा सुधारलं. कॅस्टर चाकं चार इंची लावली होती ती मुरमात रुतायची, सहा इंची घ्यायला पायजे होती, आणि खरं म्हणजे गाडी चढवल्यावर चाकांवर ठेवायचीच नाही, प्रत्येक कोपऱ्यात आट्यांचा पाय पायजे.

लॉकची तबकडीही सांगून टाकतो. आठच भोकं, म्हणजे ४५ अंशांवर थांबा. माणसाला कामाला जो कोन लागतो तो नेमका मधला असतो. मी मधे अजून आठ पाडली. आणि पिन १६ ची अन् भोक १८ चं, त्यामुळे लॉक केलेली गाडी पण डुगडुगायची, तिथे आता सी-क्लॅम्प लावतो. पिनच्या भरवशावर आत शिरत नाही, खाली घोड्या असतातच. रंग तर वेल्डचा मळ न झाडता मारलेला, दोन महिन्यांत पोपडे.

मग आवडलं काय

आवडलं हे की फ्लोअरचं वेल्डिंग टेबलावर बसून पापड लाटावे तसं झालं. गाडी आडवी, पत्रा छातीच्या उंचीला, वेल्डिंगचं सीओटू मशीन शेजारी, हात टेकवायला जागा. २० गेजचा पत्रा एवढा पातळ की सलग ओढला तर भोक पडतं, आधी टाके, मग इंच-इंच, जागा बदलत. ते डोक्यावर कधीच जमलं नसतं मला, मी काही डेंटर नाही, बँकेत आहे.

घासकाम तर विचारूच नका. फिरवलं की सगळं कोपऱ्या-कोपऱ्यातलं दिसतं, आणि पोकळ भागातली माती बाहेर पडते. पहिल्या पूर्ण फेरीला तगारीभर निघाली, काळी, मऊ, अर्धी कल्याणची अर्धी विदर्भाची. त्यासोबत चार आण्याची दोन नाणी, एक कंगवा, बेल्टचं बक्कल अन् कानातला एक डूल. डूल मोठ्या आईला नेऊन दाखवला. तिने नीट बघितला, "हा माझा नाही" म्हणाली आणि मोठेबाबांकडे बघितलं. मी तगारी उचलून बाहेर गेलो.

एक मात्र कानाला खडा लावून सांगतो. फ्लोअर अन् दाराखालच्या पेट्या कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आधार वेल्ड करा, एक इंची चौकोनी पाइप, फुलीसारखे, आणि डावी-उजवी बाजू जोडणारे आडवे दोन. रोटिसरीवर गाडी दोन टोकांना लटकलेली असते, मध्ये काही नाही. पेटी कापली की मधला भाग खचतो आणि तुम्हाला कळतही नाही, कळतं थेट दार लावताना. मी आधार दिले होते, तरी कापायच्या आधी प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवले. एका बाजूला ३ मिमी फरक आला, घोडी अन् जॅक लावून परत घेतला, तेव्हाच टाके मारले. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापू नका, एक पूर्ण करून मग दुसरी. बंपरचे ब्रॅकेट गंजलेले असतील तर त्यांना लटकवू नका, मी मागून पाट्यांच्या हँगरला धरलंय, तिथला पत्रा दुहेरी असतो. पेट्रोलची टाकी आधीच काढून शेडच्या बाहेर, हे सांगायला नको. आणि चेसिस नंबर ठोकलाय तिथे टेप लावून ठेवा, ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंगमध्ये तो पुसट झाला तर आरटीओत काय होईल याचा विचारही नको.

मार्चपासून काम सकाळी सहा ते साडेनऊ. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ डिग्रीचा आकडा आला होता ना, नंतर तो सेन्सरच बिघडलेला निघाला, पण आमच्या टिनाखाली दुपारी दोनला कोणी ५६ म्हटलं तर मी वाद नाही घालणार. इपॉक्सी प्रायमर या उन्हात डब्यातच घट्ट होतो, वाटीभर-वाटीभर कालवायचा. पण खालून प्रायमर मारताना गाडी उभी आडवी पालथी करता येते, सांधे भरायचा सीलर वाहून जात नाही, पेटीच्या आत मेण मारून गाडी दोनदा गोल फिरवली की ते सगळीकडे पोचतं. हे जमिनीवर होत नाही. होतच नाही.

पैसे

लोखंड १२,५८०. मजुरी १४,०००. शाफ्टचं लेथकाम ३,६००. बेअरिंग ४,४००. चाकं ३,६००. बोल्ट, आट्यांचे रॉड, ग्रीस मिळून १,४००. टेम्पो ९००. वरची ती दुरुस्ती ४,५००. बेरीज ४४,९८०, पंचेचाळीसला वीस रुपये कमी, ते पोह्याच्या प्लेटचे धरा. परत करायची झाली तर बेअरिंग अन् लेथचे आठ हजार वाचवीन, त्यातले दोन हजार मोठ्या चाकांना देईन आणि पोराला वेगळे हजार हातात देईन, कारण मजुरीतलं त्याला किती मिळालं देव जाणे.

दुकानात परत जाणार का, हो. पण ड्रॉइंग तिन्ही बाजूंनी काढून, आणि पहिला टाका मारताना तिथे उभा राहून. तुम्हाला असंच दुकान शोधायचं असेल तर मालकाशी नका बोलू फार, वेल्डिंग कोण करतो ते बघा अन् त्याला बॉडी दाखवायला घरी आणा. आमचा तो पोरगा जर आधीच एकदा शेडमध्ये येऊन गेला असता तर पंजा पहिल्याच वेळी सरकता झाला असता, असं तो स्वतः म्हणाला.

पद्मिनी आता प्रायमरमध्ये आहे, पावसाळ्याआधी चाकांवर येईल. सामान मिळतं अजून, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची कृपा, शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली तरी त्यांच्यासाठी बनलेला माल बाजारात आहे. स्टँड रिकामा झाला की माझ्या एका मित्राला हवाय, त्याच्याकडे अ‍ॅम्बेसेडर आहे. तीही बिनचेसिसचीच, पण पद्मिनीपेक्षा चांगली हातभर लांब आणि रुंदीला वीस सेंटीमीटर जास्त, म्हणजे कोपरा ४२ इंचांत जेमतेम निघतो, खांब दोन इंच तरी वर घ्यावा लागेल आणि खालच्या दांड्याला नवीन तुकडा. त्याला सांगितलंय, भाडं नको, टेम्पो तुझा, रंग खरवडून परत मारून द्यायचा, आणि पिन काढायच्या आधी मला फोन करायचा.